कोल्हापुरात बसून उत्तर गुजरातेतल्या तेलविहिरी चालवता येतील का?

प्रश्न विचारणारे गोकुळ शिरगावच्या एका पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांच्या कंपनीला उत्तर गुजरातेतल्या ४० तेलविहिरींसाठी आरटीयू पॅनेल, म्हणजे विहिरीवरचे आकडे दूर पाठवणारी आणि तिकडून आज्ञा घेणारी पॅनेल बनवायचं काम मिळतंय. सगळ्या विहिरी एका जागेवरून दिसाव्यात आणि तिथूनच चालू-बंद करता याव्यात, ही ग्राहकाची मागणी. मालकांनी एक पाऊल पुढे टाकलंय: पॅनेल आपलीच आहेत, तर कंट्रोल रूमही इथे कोल्हापुरातच थाटू आणि चोवीस तास देखरेखीचं कंत्राट घेऊ. हे जमेल का, विहिरीवरून नेमके कोणते सिग्नल घ्यायचे, आणि यानं विहिरीवरची माणसं कमी होतील का, असं त्यांनी विचारलंय.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. नोकरीतली बरीच वर्षं गुजरातेतल्या तेलक्षेत्रांत काढली, आता शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. म्हणून हा प्रश्न दोन्ही टोकांकडून बघता येतो, पॅनेल जिथे बनतं तिथून आणि ते जिथे उन्हात उभं राहतं तिथून.

माझं उत्तर आधी सांगतो. विहिरी कोल्हापुरातून उत्तम पाहता येतील. थांबवायचा अधिकार विहिरीजवळच्या जीजीएसवर, म्हणजे जिथे आसपासच्या विहिरींचं तेल गोळा होतं त्या ठाण्यावर असावा. चालू करायची परवानगी विहिरीपाशी कुणी नाही याची खात्री झाल्यावरच मिळावी. आणि विहिरीचं संरक्षण कुणाच्याच हातात नसावं, ते विहिरीवरच्या यंत्रणेनं कुणाला न विचारता करावं. "रिमोट कंट्रोल" या एका शब्दाखाली ही चारही कामं एकत्र कोंबली जातात, आणि बहुतेक घोटाळे तिथेच सुरू होतात.

तुमच्या विहिरी कुठल्या पद्धतीच्या आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुष्कळ गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. स्वतःच्या दाबानं वाहणारी विहीर, गॅसलिफ्टवरची (आत गॅस सोडून तेल वर उचलणारी) विहीर, खाली विजेचा पंप सोडलेली विहीर आणि वर घोड्यासारखं डोकं हलवत लांब रॉडांनी खालचा पंप ओढणारा सकर रॉड पंप (एसआरपी) बसवलेली विहीर, या चौघींचे आजार वेगवेगळे. उत्तर गुजरातेत, मेहसाणा भागात विशेषतः, सकर रॉड पंप पुष्कळ आहेत, कारण तिथलं बरंचसं तेल जाड आहे आणि ते स्वतःहून वर येत नाही. म्हणून तुमच्या ४० मधल्या बहुतेक एसआरपी असतील असं धरून लिहितोय. तसं नसेल तर सिग्नलची यादी बदलेल, अधिकारांची ही वाटणी मात्र बदलणार नाही.

संरक्षणापासून सुरुवात करू. एसआरपी हा ढकलणारा पंप आहे. पुढे लाइनवरचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला किंवा लाइन जाड तेलानं तुंबली, तरी तो थांबत नाही. प्रत्येक फेऱ्याला थोडं आणखी तेल ढकलतो, दाब चढत जातो, आणि शेवटी स्टफिंग बॉक्समधून, म्हणजे रॉड विहिरीत शिरतो तिथल्या सीलमधून तेल उडतं किंवा लाइन जिथे कच्ची असेल तिथे फुटते. आता हिशोब करा. रेडिओवरून ४० विहिरींना एकामागून एक विचारायचं, प्रत्येकीला उत्तरासकट ३ सेकंद धरले, तर एक फेरी २ मिनिटांची झाली. मध्ये दोन विहिरींनी उत्तर दिलं नाही, पुन्हा विचारावं लागलं, तर आणखी वेळ. त्यावर ऑपरेटरनं स्क्रीनकडे बघणं, समजून घेणं, बटण दाबणं, आणि ती आज्ञा परत रेडिओनं जाणं. मिनिटाला ६ फेरे मारणारा पंप तेवढ्यात पंधरा-वीस फेरे मारून मोकळा होतो. म्हणून लाइनचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की मोटर बंद होण्याचं काम विहिरीवरच्या प्रेशर स्विचनं थेट स्टार्टरला सांगून करायला हवं. आरटीयूच्या प्रोग्रॅमवरसुद्धा ते अवलंबून ठेवू नका. आरटीयू हँग झालेला असला तरी दाब चढल्यावर मोटर थांबली पाहिजे.

दाब एकदम पडला तर तोही धोका, कारण लाइन फुटलेली असू शकते. शेतातून जाणाऱ्या लाइनीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. तेल शेतात पसरलं की त्या शेतकऱ्याचं नुकसान एका हंगामावर भागत नाही. स्वतःच्या दाबानं वाहणाऱ्या विहिरीवर यासाठी सरफेस सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो हायड्रॉलिक किंवा हवेच्या दाबानं उघडा धरलेला असतो, दाब गेला की स्प्रिंगनं बंद होतो. वीज गेली, वायर तुटली, नळी फुटली, काहीही बिघडलं तरी शेवट बंद होण्यातच. आपल्या राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे बघा. तलाव भरला की पाण्याच्याच जोरावर ते एकेक करून उघडतात. कोल्हापूरच्या कार्यालयातून कुणी बटण दाबायची वाट बघत नाहीत. कार्यालयाला फक्त कळतं की अमुक दरवाजा उघडला, आणि मग नदीकाठाला इशारा जातो. तुमच्या ४० विहिरींचं संरक्षण अगदी असंच असायला हवं: कृती जागेवर, बातमी केंद्राला.

आता चालू करण्याबद्दल. ग्राहकाच्या मागणीत "चालू-बंद" हा जोडशब्द आहे, तो आधी तोडा. बंद करणं आणि चालू करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुकून बंद झालेल्या विहिरीचं थोडं उत्पादन बुडतं. चुकून चालू झालेला पंप माणूस मारतो. एसआरपीची काउंटरवेट्स टनांच्या वजनाची असतात आणि ती जमिनीपासून फार उंच फिरत नाहीत. ग्रीस भरायला आलेला माणूस, बेल्ट बदलणारा फिटर, कुंपण मोडकं असेल तर आत शिरलेली म्हैस, यांतलं काहीही नऊशे-हजार किलोमीटरवरच्या स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून पॅनेलच्या दारावर लोकल-रिमोट सिलेक्टर स्विच हवाच. तो लोकलवर असताना दूरची कोणतीही आज्ञा चालता कामा नये, आणि हे अडवणं वायरिंगमध्ये व्हायला हवं, सॉफ्टवेअरमध्ये नव्हे. दुरुस्तीला जाणाऱ्यानं आयसोलेटर बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात. रिमोटवरून चालू करायचंच असेल तर आधी विहिरीवर भोंगा वाजला पाहिजे, अर्धा-एक मिनिट थांबून मगच मोटर फिरली पाहिजे. पंप थोडा वेळ थांबून आपोआप सुरू होणार असेल, आणि बहुतेक पंप-ऑफ कंट्रोलरमध्ये (पंप पूर्ण भरत नसला की तो थोडा वेळ थांबवणाऱ्या यंत्रात) तसंच असतं, तर भोंगा तिथेही हवा. हा भोंगा कोटेशनमध्ये किरकोळ वाटतो आणि पहिल्यांदा कापला जातो. तो कापू देऊ नका.

वीज जाऊन परत आली की सगळे पंप एकदम उठायला बघतात, तेव्हा फीडर, म्हणजे त्यांना वीज देणारी लाइन, पुन्हा पडते. म्हणून प्रत्येक विहिरीला उठायची वेगळी वेळ द्या, काही सेकंदांच्या अंतरानं. हेही विहिरीवरच्या टायमरनं करायचं काम आहे.

मग केंद्रानं करायचं काय? पुष्कळ काही, आणि खरी कमाई तिथेच आहे. तिथे काम आहे निदानाचं.

एसआरपीचं निदान डायनामोमीटर कार्डवरून होतं. वर दिसणाऱ्या पॉलिश्ड रॉडवर भार मोजणारा लोड सेल बसवायचा, बीमवर किंवा क्रँकवर जागा कळवणारा सेन्सर बसवायचा. एका पूर्ण फेऱ्यात रॉड कुठे होता आणि त्यावर भार किती होता, याचा आलेख काढला की एक बंद आकृती तयार होते. पंप पूर्ण भरत असेल तर ती साधारण तिरक्या चौकोनासारखी. रॉड वर येताना तेलाचं सगळं वजन त्याच्यावर, खाली जाताना ते वजन सुटलेलं. विहिरीत तेल कमी येत असेल, पंप अर्धाच भरत असेल, तर खाली जायला लागल्यावर भार लगेच सुटत नाही. प्लंजर (पंपातला दट्ट्या) मोकळ्या जागेतून खाली येतो आणि मध्येच द्रवावर आपटतो, तिथे भार धाडकन पडतो. आकृतीचा उजवा खालचा कोपरा कापल्यासारखा दिसतो. याला फ्लुइड पाउंड म्हणतात. तो धक्का प्रत्येक फेऱ्याला रॉडच्या सांध्यांवर आणि गिअरबॉक्सवर बसतो. तोच कोपरा कापण्याऐवजी गोलसर उतरत असेल तर पंपात गॅस शिरतोय, कारण गॅस दाबला जात जात भार हळू सुटतो. आणि आकृती एकदम चपटी होऊन खाली बसली तर रॉड तुटला; वर घोडा डुलतोय, पण खाली पंप हलतच नाही. या तिसऱ्या प्रकारात लांबून बघणाऱ्याला विहीर अगदी झकास चाललेली दिसते. मोटर चालू, स्टेटस हिरवं. कार्ड नसेल तर जीजीएसवर त्या विहिरीचं पुढचं टेस्टिंग होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

या कार्डावरून उत्पादनाचा अंदाजही बांधता येतो. समजा प्लंजरचा व्यास पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे ४४.५ मिलिमीटर, आणि खाली मिळणारा स्ट्रोक अडीच मीटर. एका फेऱ्यात ३.९ लिटर द्रव उचलला जाईल. मिनिटाला ६ फेरे म्हणजे दिवसाला ८,६४० फेरे, म्हणजे पूर्ण भरलेल्या पंपाचे दिवसाला साधारण ३३.५ घनमीटर. कार्ड सांगतंय पंप ६० टक्केच भरतोय, तर झाले २० घनमीटर. त्यात ८० टक्के पाणी असेल तर तेल उरलं ४ घनमीटर, जवळपास २५ बॅरल. व्हॉल्व्हची गळती आणि गॅस धरला तर आकडा आणखी खाली येतो, पण दोन टेस्टच्या मधल्या दिवसांत दिशा कळायला एवढं पुरतं. खरा आकडा टेस्ट सेपरेटरवरच, म्हणजे एकेका विहिरीचं तेल, पाणी आणि गॅस वेगळं करून मोजणाऱ्या टाकीवरच मिळतो, आणि एका जीजीएसवर विहिरी अनेक पण टेस्ट सेपरेटर एखादाच, म्हणून पाळी लावावी लागते. कुठली विहीर आधी टेस्टला घ्यायची, हे कार्ड बघून ठरवणारा माणूस केंद्रात असेल तर नुसत्या पाळीपेक्षा फार लवकर आजारी विहीर हाती लागते. हे काम कोल्हापुरात बसून करता येईल. त्याला सेकंदांची घाई नाही, डोळा आणि अनुभव लागतो. मालकांना देखरेखीचं कंत्राट घ्यायचंच असेल तर याचं घ्या.

पंप अर्धा भरतोय हे ओळखून थोडा वेळ थांबायचं, विहिरीत तेल साठू द्यायचं आणि पुन्हा सुरू करायचं, हे रोजचं काम मात्र विहिरीवरच्या कंट्रोलरनं करायचं. तो प्रत्येक फेरा बघतो. केंद्रानं फक्त किती वेळ थांबायचं ती संख्या अधूनमधून सुचवायची, बदलायची ती जीजीएसवरून.

आता सिग्नल. तुमची यादी मी पाहिलेली नाही, पण पहिल्यांदाच असं काम घेणारे लोक फार लांब यादी करतात असा माझा अनुभव आहे. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हा आकडा बिघडला तर कोण, किती वेळात, काय करणार? उत्तर लिहिता आलं नाही तर ती ओळ स्क्रीनवर नको, फार तर नोंदवहीत राहू दे. एसआरपीसाठी माझी यादी छोटी असते: लाइनचा दाब, केसिंगचा (विहिरीच्या बाहेरच्या पाइपातला) दाब, रॉडवरचा भार आणि जागा, मोटरचे अँपिअर, मोटर चालू आहे की नाही, सिलेक्टर कुठे आहे, वीज आहे की नाही, बॅटरीचा व्होल्टेज, पॅनेलचं दार उघडं आहे का, आणि स्टफिंग बॉक्सच्या गळतीचा फ्लोट स्विच. कॅमेरे हवेत असा ग्राहकाचा आग्रह असेल तर निवडक जागी द्या, पण त्यांचा मार्ग वेगळा ठेवा. कॅमेऱ्याच्या ओझ्यानं दाबाचा आकडा उशिरा पोचता कामा नये.

यादीपेक्षा महत्त्वाचं आहे आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा हे ठरवणं. ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल ० ऐवजी ४ पासून का सुरू होतो हे तुम्हाला ठाऊक आहेच: वायर तुटली तर ० येतं आणि दाब शून्य असेल तर ४, म्हणजे दोन्ही वेगळे ओळखू येतात. बऱ्याच ट्रान्समीटरवर (दाब मोजून सिग्नल पाठवणाऱ्या उपकरणांवर) बिघाड असेल तेव्हा ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जायची सोय असते. आरटीयूमध्ये ही तपासणी घाला आणि असा आकडा स्क्रीनवर वेगळ्या रंगात "अविश्वसनीय" म्हणून दाखवा. पण याहून फसवा बिघाड आहे तो आकडा गोठण्याचा.

थंडीतली एक पहाट सांगतो. मेणचट, जाड तेलाची विहीर. रात्री तापमान उतरलं आणि ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या बारीक ट्यूबमध्ये तेल थिजलं. आत अडकलेला दाब तसाच राहिला. स्क्रीनवर दर चौरस सेंटिमीटरला ८.२ किलो, तासन्‌तास ८.२. दरम्यान पुढची लाइनही गारठून तुंबत चालली होती आणि खरा दाब वर चढत होता. त्या विहिरीवर दाबाचं ट्रिपही, म्हणजे दाब चढला की मोटर बंद करणारी यंत्रणाही, त्याच ट्रान्समीटरवरून घेतलेली होती, त्यामुळे तीही गप्प. पहाटे फेरीवर आलेल्या वेल अटेंडंटला आधी वास आला, मग टॉर्चच्या उजेडात स्टफिंग बॉक्सवरून खाली आलेला काळा ओघळ दिसला. त्यानं मोटर बंद केली आणि मग फोन केला. क्रम अगदी बरोबर.

त्यानंतर मी तीन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. ट्रिपचा स्विच आणि दाखवायचा ट्रान्समीटर यांची टॅपिंग (पाइपातून दाब घ्यायच्या जागा) वेगवेगळी, आणि जाड तेलाच्या लाइनवर बारीक ट्यूबऐवजी थेट पाइपाला लागून डायफ्राम सील, म्हणजे पातळ पडद्यातून दाब पोचवणारं सील. तिसरी गोष्ट प्रोग्रॅममधली आहे आणि फुकट आहे. चालू एसआरपीच्या लाइनमध्ये दाब स्थिर असूच शकत नाही, प्रत्येक फेऱ्याला तो थोडा चढतो आणि उतरतो. म्हणून मोटर चालू असताना रेष अगदी सपाट आली तर तो आकडा खोटा धरायचा. पण केंद्र दोन मिनिटांनी एकदा विचारणार, त्याला ही लहर दिसणार नाही. म्हणून मधल्या काळातला कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी दाब आरटीयूनंच काढून ठेवायचा आणि तिन्ही पाठवायचे. कमीत कमी आणि जास्तीत जास्त सारखेच आले की इशारा.

हे बारीक वाटत असेल तर इंग्लंडमधल्या बन्सफिल्डच्या इंधनडेपोचं उदाहरण बघा. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे तिथे पाइपलाइननं टाकीत पेट्रोल भरलं जात होतं. तीनच्या सुमाराला पातळी दाखवणारा गेज अडकला. पेट्रोल येत राहिलं, स्क्रीनवरची पातळी जागची हलली नाही. वरच्या पातळीला स्वतंत्रपणे थांबवणारा स्विचही कामाचा राहिलेला नव्हता. टाकी ओसंडली आणि सहाच्या सुमाराला स्फोट झाला. पातळी बदलत नाही आणि पंपिंग तर चालू आहे, ही विसंगती पकडायला दोन ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

अलार्मबद्दल माझं मत ठाम आहे: कमी. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म येऊन पडले होते. एवढ्यांतून खरा कोणता हे कुणीही ओळखू शकणार नाही. नंतर या उद्योगात जो अंदाज रूढ झाला तो असा की एका ऑपरेटरला सर्वसाधारण वेळी दहा मिनिटांत एखादा अलार्म झेपतो. तुमच्याकडे ४० विहिरी आहेत. एक फीडर गेला आणि प्रत्येक विहिरीनं "मोटर बंद", "वीज नाही", "दाब कमी" असे तीन अलार्म दिले तर एका क्षणात १२० होतात. वीज गेली हे कळलं की बाकीचे दोन दाबून ठेवायचे, आणि एका फीडरच्या सगळ्या विहिरी गेल्या तर "अमुक फीडर बंद" अशी एकच ओळ दाखवायची. तुमच्या कामातला सगळ्यात जास्त विचार इथे जायला हवा, आणि तो जीजीएसच्या शिफ्टमधल्या लोकांबरोबर बसूनच करावा लागतो. इथे टेबलावर होत नाही.

संपर्काच्या साधनात माझा फार हट्ट नाही, जागा बघून ठरवा. मोबाइल नेटवर्क चांगलं असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, नसेल तर रेडिओ. एवढंच बघा की संपर्क तुटला असताना आरटीयूनं आकडे वेळेसकट साठवून ठेवले पाहिजेत आणि जोडला गेल्यावर पाठवले पाहिजेत. आकडे पाठवायच्या ठरलेल्या पद्धतींपैकी (प्रोटोकॉल) साध्या मॉडबसमध्ये वेळेचा शिक्का नसतो, डीएनपी३ आणि आयईसी १०४ मध्ये असतो. एमक्यूटीटीही चालेल. आज ते घराघरातल्या वस्तूंत दिसतं, पण १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते बनवलं ते तेलाच्या पाइपलाइनींचे आकडे उपग्रहावरून कमी खर्चात आणण्यासाठीच. बदल झाला तरच बोलायचं ही त्याची पद्धत आपल्याला सोयीची. डायनामोमीटर कार्ड मॉडबसनं आणणार असाल तर एका विनंतीत १२५ रजिस्टरच मिळतात हे धरून चाला. २०० बिंदूंचं कार्ड, भार आणि जागा मिळून ४०० रजिस्टर, म्हणजे चार हप्ते. ते प्रत्येक फेरीत मागू नका.

पण हा संपर्क कोल्हापूरपर्यंत आणायचा म्हणजे दार उघडायचं. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन खंडणीच्या हल्ल्यामुळे बंद पडली. हल्लेखोर वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून शिरले होते, त्याला दुसऱ्या टप्प्याची ओळखतपासणी नव्हती. हल्ला कार्यालयीन संगणकांवर होता, पाइपलाइन कंपनीनं स्वतःच थांबवली. म्हणून माझी वाटणी पुन्हा आठवा: कोल्हापूरला फक्त आकडे येऊ देत, एकाच दिशेनं, जीजीएसवरच्या सर्व्हरच्या प्रतीतून. इथून विहिरीकडे जाणारा आज्ञेचा रस्ता मुळात बांधूच नका. जो रस्ता नाही त्यावरून चोर येत नाही, आणि तुमच्या मालकांवरची कायदेशीर जोखीमही खूप कमी होते.

त्या जोखमीबद्दल मालकांना जरूर सांगा. आपल्याकडे तेलविहिरी खाण म्हणून धरल्या जातात. त्यांना १९५२ चा खाण कायदा आणि त्याखालचे २०१७ चे ऑइल माइन्स रेग्युलेशन्स लागू होते; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं घेतली. तिथे व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या माणसाची जबाबदारी असते, ती कंत्राटानं कोल्हापूरच्या ऑफिसात येत नाही. विहिरीजवळच्या, गॅस असू शकणाऱ्या धोक्याच्या झोनमध्ये बसणाऱ्या विद्युत उपकरणांच्या मंजुरीचाही प्रश्न आहे. तिच्या कागदपत्रांचं काम आत्तापासून सुरू करा. शक्यतो पॅनेल झोनच्या बाहेर उभं करा आणि आत फक्त लोड सेल, ट्रान्समीटर यांसारखी सुरक्षित सर्किटवरची उपकरणं ठेवा. खर्च आणि डोकेदुखी दोन्ही वाचतात.

कंत्राटात थांबवण्याचा अधिकार नावानिशी लिहून घ्या. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्म पेटला, १६७ माणसं गेली. शेजारचे दोन प्लॅटफॉर्म त्याच जाळ्यातल्या लाइनींत तेल आणि गॅस ढकलत राहिले आणि आगीला खाद्य मिळत राहिलं, कारण स्वतःच्या निर्णयावर उत्पादन थांबवायचं धैर्य किंवा मुभा तिथल्या माणसांना नव्हती. तुमच्या जीजीएसवर रात्री दोनला शिफ्टमध्ये असलेल्या ऑपरेटरनं संशय आला म्हणून दहा विहिरी बंद केल्या, तर सकाळी त्याला जाब विचारला जाणार नाही, हे वाक्य ग्राहकाच्या सहीनं असू दे. कोल्हापूरच्या माणसाला काही विचित्र दिसलं तर त्यानं हॉटलाइनवर सांगायचं आणि ती वेळ नोंदवायची.

पॅनेलबद्दल एकच सांगतो, कारण बाकीचं तुम्हाला येतं. आपल्या हवेत तपासलेलं पॅनेल सगळीकडे चालतं असं वाटतं. उत्तर गुजरातेत मे महिन्यात सावलीतच ४५ अंश, बंद पॅनेलच्या आत त्याहून पंधरा-वीस अंश जास्त. बॅटरी पहिली मरते, मग पॉवर सप्लाय. वर दुहेरी छत द्या, पांढरा रंग द्या, बॅटरी खालच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. आणि फॅक्टरीतल्या टेस्टला पॅनेल हीटर लावलेल्या बंद खोलीत रात्रभर चालवा. ग्राहकाच्या माणसासमोर टेस्ट करताना नुसते आकडे बरोबर येतात हे दाखवू नका. ट्रान्समीटरची वायर उपटा, वीज काढा, अँटेना काढा, आरटीयूचा प्रोसेसर थांबवा, आणि प्रत्येक वेळी प्रेशर स्विच चालवला की मोटरचा काँटॅक्टर (तिला वीज जोडणारा स्विच) सुटतो, हे त्याला दाखवा.

यानं विहिरीवरची माणसं कमी होतील का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. समुद्रातल्या मुंबई हायवर अनेक विहिरींचे प्लॅटफॉर्म माणसाविना चालतात, कारण तिथे प्रत्येक खेपेला हेलिकॉप्टर किंवा बोट लागते आणि पावसाळ्यात तीही रोज मिळत नाही. जमिनीवर तसं गणित नाही. फेरीचा मार्ग बदलेल. रोज चाळीसही विहिरींना हजेरी लावण्याऐवजी जिथे कार्ड बिघडलंय तिथे माणूस आधी जाईल आणि जास्त वेळ थांबेल. त्या पहाटेच्या अटेंडंटला जो वास आला तो सेन्सर मी अजून कुठल्या यादीत पाहिलेला नाही. ग्राहक माणसं कमी करण्याच्या हिशोबावर हा प्रकल्प बसवत असेल तर तसं स्पष्ट विचारून घ्या, कारण मग वरचं सगळं गणित बदलतं आणि मी ते काम घेणार नाही.

आणि कोल्हापुरात कार्ड वाचायला ज्यांना बसवाल, त्या मुला-मुलींना आधी एक पूर्ण हिवाळा तिथल्या जीजीएसवर शिफ्टमध्ये काम करायला पाठवा. राहण्या-जेवणाचा आणि पगाराचा तो खर्च आत्ताच्याच कोटेशनमध्ये धरा, नंतर मागितला तर मिळणार नाही. विहिरींची पद्धत आणि तुमची सिग्नलची यादी, "कोण, किती वेळात, काय करणार" या रकान्यासकट इथे टाका, मी ओळीओळीनं बघून देतो.